वाकलेला पत्ता आणि चिंचोक्याची खळ

गेल्या पावसाळ्यात माझी भाची चार दिवसांसाठी मुंबईहून गावी आली. ती जाहिरातींसाठी चित्रे काढते. तिच्या पिशवीत टॅरोच्या पत्त्यांचा एक कॅट होता. हे पत्ते आपण चित्रांसाठी घेतले आहेत, भविष्य पाहण्यासाठी नव्हे, असे तिने आल्या आल्याच सांगून टाकले, कारण माझ्या अम्मीचा स्वभाव तिला चांगला ठाऊक आहे. तरी अम्मीने "तौबा" म्हणायचे ते म्हटलेच. पत्ते खिडकीतल्या फळीवर राहिले. बाहेर कोकणातला जुलैचा पाऊस. तिसऱ्या दिवशी पाहतो तर अठ्ठ्याहत्तरच्या अठ्ठ्याहत्तर पत्ते नळीच्या कौलासारखे वाकलेले. पोरीने हाताने उलटे वाकवून पाहिले. दोन पत्त्यांना कायमची घडी पडली, बाकीचे होते तसेच राहिले.

"मामू, नाना असते तर त्यांनी सरळ करून दिले असते ना?" तिने विचारले.

तिचे नाना, म्हणजे माझे वडील, जिल्दसाज होते. कुराणशरीफचे पारे, शाळेची हजेरीपत्रके, दुकानदारांच्या चोपड्या, वकिलांची जाडजूड पुस्तके, सगळ्यांना त्यांनी जिल्द घातली. त्यांचा लाकडी शिकंजा अजून माळ्यावर आहे. तो खाली काढता काढता त्यांचे एक वाक्य आठवले. पुठ्ठ्याच्या एका अंगाला कागद डकवलास तर दुसऱ्या अंगालाही डकव, नाहीतर पुठ्ठा रुसतो. लहानपणी मला हे वाक्य केवळ धंद्यातली युक्ती वाटे. पुढे पत्त्यांचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा लक्षात आले की कैरो, मिलान, पॅरिस आणि आपली सावंतवाडी इथल्या कारागिरांनी शतकानुशतके याच एका गोष्टीशी झुंज दिली आहे. टॅरोचा इतिहास सांगणारे चित्रांचे अर्थ सांगतात, पण पत्ता सपाट राहावा म्हणून ज्यांनी हात झिजवले त्यांच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. हा लेख त्यांच्याविषयी आहे.

आधी पत्ता वाकतो का ते पाहू. कागद म्हणजे तंतूंचे जाळे. हवेतला ओलावा प्याला की तंतू फुगतो. तो लांबीत फारच थोडा वाढतो आणि रुंदीत बराच जास्त. यंत्रावर तयार होणाऱ्या कागदात बहुतेक तंतू एकाच दिशेने निजलेले असतात, त्यामुळे असा कागद एका दिशेने अधिक ताणला जातो. त्यात एका बाजूला चकचकीत थर जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ असला, तर एक बाजू ओलावा पिते आणि पसरते, दुसरी पसरत नाही. पसरलेली बाजू बाहेर येते, न पसरलेली आत ओढली जाते आणि पत्त्याचे कौल होते. म्हणजे दोष पावसाचा जेवढा, तेवढाच दोन बाजूंमधल्या असमानतेचा. दोन्ही बाजूंना सारखेच भिजू दिले किंवा सारखेच अडवले, तर पत्ता थोडा फुगेल, पण वाकणार नाही.

आता मागे जाऊ. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात इजिप्तच्या मामलुक काळातला एक हस्तचित्रित कॅट आहे. एल. ए. मेयर या अभ्यासकाला तो १९३१ साली सापडला आणि १९३९ मध्ये त्याने त्यावर लिहिले. प्रत्येक पत्ता सुमारे पंचवीस सेंटिमीटर उंच आणि साडेनऊ सेंटिमीटर रुंद आहे, म्हणजे आजच्या टॅरोहूनही खूप मोठा. पेले, नाणी, तलवारी आणि चौगानच्या काठ्या असे चार रंग. प्रत्येक रंगात एक ते दहा आकड्यांचे पत्ते आणि त्यांच्यावर तीन अधिकारी: मलिक, नायब मलिक आणि सानी नायब. या अधिकाऱ्यांची चित्रे मात्र नाहीत. वेलबुट्टीत हुद्दा लिहिलेला आहे. कित्येक पत्त्यांवर निळ्या पट्टीत सोनेरी अक्षरांत सुवचनेही आहेत.

जुगाराला आपल्या दीनमध्ये जागा नाही, तरी पत्ते होते आणि पैसे लावून खेळलेही जात, हे लपवण्यात अर्थ नाही. पुढे सुलतान झालेल्या अल-मुअय्यद याने पत्त्यांच्या खेळात मोठी रक्कम जिंकल्याचे पंधराव्या शतकातला इतिहासकार इब्न तग़रीबर्दी नोंदवतो. त्या खेळाला तो जो शब्द वापरतो तो आहे 'कंजिफा'. हा शब्द लक्षात ठेवावा. तो आपल्याला पुढे कोकणात भेटणार आहे.

चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात पत्ते युरोपात पोचले. १३७७ साली फ्लॉरेन्स शहराने त्यांच्यावर निर्बंध घातले आणि त्या हुकुमात पत्त्यांना जे नाव दिले ते 'नाइब्बे' असे होते. स्पेनमध्ये पत्त्यांना आजही 'नाइपे' म्हणतात. आपल्या तालुक्याच्या कचेरीत बसणारा नायब तहसीलदार आणि फ्लॉरेन्सचे नाइब्बे यांचा शब्द एकच आहे. चारही रंग तसेच्या तसे इटलीत उतरले. फक्त चौगान त्यांना ठाऊक नव्हते, म्हणून त्या काठ्यांचे नुसते दंडुके झाले. पुढे १४४० च्या दशकापर्यंत उत्तर इटलीत छप्पन पत्त्यांना बावीस हुकमी चित्रांची जोड मिळाली आणि टॅरोचा अठ्ठ्याहत्तर पत्त्यांचा खेळ तयार झाला. भविष्य सांगण्याशी त्याचा तेव्हा काही संबंध नव्हता. दरबारी मंडळी तो डाव लावून खेळत. इजिप्तच्या गूढविद्येशी त्याचे नाते जोडले ते फ्रान्समधल्या कूर द जेबलॅं याने, १७८१ साली, आणि तेही पुराव्याविना. गंमत अशी की इजिप्तशी पत्त्यांचे नाते खरोखर होते, पण फारोंच्या मंदिरांशी नव्हे, मामलुकांच्या दिवाणखान्याशी.

मिलानच्या व्हिस्कोंती आणि स्फोर्झा घराण्यांसाठी पंधराव्या शतकाच्या मध्यावर तयार झालेल्या एका कॅटातले चौऱ्याहत्तर पत्ते शिल्लक आहेत. त्यांतले पस्तीस न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात, सव्वीस बेर्गामोच्या अकादमीत आणि तेरा एका खासगी घराण्याकडे आहेत. हे पत्ते जाड पुठ्ठ्याचे, दर्शनी बाजूला सोन्याचा वर्ख आणि रंग. पुष्कळ पत्त्यांना वरच्या बाजूला टाचणीची भोके आहेत. म्हणजे कोणीतरी ते कधीतरी भिंतीवर किंवा फळीवर टाचले होते. इतका महाग पत्ता कोणी खेळून झिजवला नसेल, त्यामुळे तो टिकला. ज्याने तो रोज हातात घेतला, त्याच्या स्वस्त पत्त्याचे काय? त्याला टिकाऊपणा द्यायचा तर कारागिरीच हवी.

ती कारागिरी अठराव्या शतकातल्या फ्रेंचांनी लिहून ठेवली आहे. दुहामेल द्यू मॉन्सो याने १७६२ साली पत्ते बनवणाऱ्यांच्या धंद्यावर सविस्तर पुस्तक लिहिले. दिदरोच्या ज्ञानकोशातही या कारखान्याची चित्रे आहेत. एक पत्ता म्हणजे कागदांचे अनेक थर. दर्शनी भागाला एक प्रतीचा कागद, पाठीला दुसऱ्या प्रतीचा, आणि मध्ये मळकट रंगाचा स्वस्त कागद, म्हणजे दिव्यासमोर धरला तरी पलीकडचे चित्र दिसू नये. थर पिठाच्या खळीने डकवायचे, चळत दाबयंत्राखाली ठेवून जादा पाणी काढून टाकायचे, मग तक्ते हवेशीर माळ्यावर दोरीला टांगून वाळवायचे. वाळले की त्यावर हलका साबण फिरवायचा आणि छतापासून लोंबणाऱ्या दांड्याला बसवलेल्या गुळगुळीत गारगोटीने ते घोटायचे. यात घाई केलेली चालत नसे. थर ओला असताना कापला, तर तो कापल्यानंतर वाळे आणि वाळताना हवा तसा वळे.

इटलीत, विशेषतः बोलोन्याकडे, आणखी एक सुंदर रीत होती. पाठीचा कागद दर्शनी कागदापेक्षा थोडा मोठा घेत आणि त्याच्या कडा पुढच्या बाजूवर दुमडून डकवत. चित्राला आपोआप चौकट मिळे आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कडा बंद होत. पत्ता ओलावा पितो तो मुख्यतः कडेने. तिथेच थर सुटू लागतात, कोपरे उलगडतात. वडीलही पुठ्ठ्यावरचे कापड कडेवरून आत वळवून घेत आणि त्यावर अस्तराचा कागद बसवत. बोलोन्याचे नाव त्यांनी कधी ऐकले नव्हते.

आता एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न पडेल. त्याचे उत्तर खेळातच आहे. पत्त्याच्या खेळाचा सगळा प्रामाणिकपणा त्याच्या पाठीवर उभा असतो. चित्र ज्याचे त्याला दिसते, पाठ सगळ्यांना दिसते. म्हणून सगळ्या पाठी सारख्या हव्यात. कॅटातला एखादा पत्ता वाकला की तो पालथा पडलेला असतानाही ओळखू येतो. कोणी खूण केली नसली तरी तो खुणेचा पत्ता झाला. मग ज्याची नजर तीक्ष्ण तो जिंकतो आणि ज्याचा विश्वास असतो तो हरतो. सपाट पत्ता ही केवळ देखणेपणाची गोष्ट नाही, ती डावातल्या न्यायाची गोष्ट आहे.

आपल्याकडे पत्ते इराण आणि मध्य आशियाच्या वाटेने आले. १५२७ साली बाबरने सिंधमध्ये शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याची नोंद त्याने स्वतःच आपल्या आत्मचरित्रात केली आहे. शाह हसनला त्या आवडत आणि त्याने मागून घेतल्या होत्या. कैरोतला कंजिफा तो हाच शब्द. पुढे अबुल फज़लने 'आईन-ए-अकबरी'त बारा रंगांच्या आणि प्रत्येकी बारा पत्त्यांच्या गंजिफेचे वर्णन केले. तिच्यात अश्वपती, गजपती, नरपती, गढपती असे राजे आहेत. नंतर सर्वत्र रूढ झाली ती आठ रंगांची, शहाण्णव पत्त्यांची मुघली गंजिफा: ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात आणि किमाश. मराठी मुलखात तिला चंगकांचन असेही म्हणत. दरबारासाठी हस्तिदंताचे आणि कासवाच्या पाठीचे पत्ते होत, बाजारासाठी कापडाचे आणि कागदाचे. सावंतवाडीच्या, ओडिशातल्या रघुराजपूरच्या आणि बंगालमधल्या विष्णुपूरच्या चित्रकारांनी याच चौकटीत दहा अवतार बसवले. दहा रंग, प्रत्येकी बारा पत्ते, एकूण एकशेवीस. राजा आणि त्याचा प्रधान ही रचना तीच राहिली. मुघली खेळात दिवसा सुर्खाचा आणि रात्री सफेदाचा मान, तर दशावतारीत दिवसा रामाचा आणि रात्री कृष्णाचा. हे कोणी कोणावर लादले नव्हते. खेळ आवडला, आपला करून घेतला.

या पत्त्यांच्या कारागिरीकडे आता पाहा. मुघल चित्रकार ज्यावर चित्र काढत त्याला वसली म्हणतात. कागदाचे अनेक थर खळीने एकावर एक डकवायचे, कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद टाकायचे, वाळले की गुळगुळीत दगडाने घोटायचे. वसली हा शब्द 'वस्ल'पासून आलेला. गझला ऐकणाऱ्याला वस्लचा अर्थ सांगायला नको. मीलन. थरांचे मीलन म्हणून वसली. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागद करणारे कागजी आपले पूर्वज मुहम्मद तुघलकाच्या काळात, म्हणजे १३२७ च्या स्थलांतरात, दिल्लीकडून आले असे सांगतात. हातकागदाचा एक गुण असा की साचा हलवताना तंतू सगळ्या दिशांना पसरतात. त्यामुळे तो एकाच दिशेला ओढला जात नाही.

गंजिफेच्या कारागिरांनी याच्याही पुढे मजल मारली. जुन्या धुवट कापडाचे किंवा कागदाचे थर घेतले. कापडाला मुळातच आडवा आणि उभा असे दोन्ही धागे. डकवायला चिंचोक्याची खळ. चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून केलेली ही खळ वाळल्यावर ताठ होते, पण ठिसूळ होत नाही. कापडाला दोन्ही बाजूंनी खडूच्या भुकटीचा लेप आणि दोन्ही बाजूंनी दगडाने घोटाई. मग गोल चकत्या कापायच्या. पुढे चित्र, मागे एकाच रंगाची पाठ, आणि वर लाखेचा थर. गोल पत्त्याला कोपरा नाही, म्हणून उलगडणारा कोपराही नाही. ते पिसण्यासाठी वाकवावे लागत नाहीत. चादरीवर पालथे पसरून हाताने कालवतात. आणि खेळ संपला की त्यांना सरकत्या झाकणाच्या, रंगवलेल्या लाकडी पेटीत घट्ट चळतीने ठेवतात. पेटी शोभेची वाटते, पण तिचे काम आमच्या शिकंज्याचेच आहे. सावंतवाडीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अशा हवेत पत्ता तयार करून तो सपाट ठेवायचा, ही सोपी गोष्ट नव्हे.

या कारागिरीला हरवले ते पावसाने नाही, छापखान्याने. एकोणिसाव्या शतकात युरोपात छापलेले बावन्न पत्त्यांचे स्वस्त कॅट बंदरांवर उतरू लागले आणि हाताने रंगवलेली गंजिफा महाग ठरली. खेळणारे कमी झाले, मग रंगवणारेही. सावंतवाडीत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुंडलिक चितारी हे वृद्ध कारागीर तेवढे ही कला जाणणारे उरले होते. संस्थानिक शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी ती त्यांच्याकडून शिकून घेतली आणि १९७० च्या सुमारास राजवाड्यातच काम पुन्हा सुरू केले. सत्त्वशीलादेवींचे २०१८ मध्ये निधन झाले. ते काम त्या वेळी सुरू झाले नसते, तर आज आपण गंजिफा फक्त संग्रहालयाच्या काचेआड पाहिली असती.

माझ्या भाचीचा कॅट ज्यावरून छापलेला आहे त्याची चित्रे पामेला कोलमन स्मिथ या बाईंनी काढली. तो १९०९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर गाजला, पण ओळखला गेला तो प्रकाशक रायडर आणि मजकूर लिहिणारे वेट यांच्या नावाने. बाई १९५१ साली हलाखीतच वारल्या. हे वाचून भाची बराच वेळ गप्प होती. तीही नावाविना चित्रे काढते.

तर शिकंजा खाली काढला. आम्ही जे केले ते इथे सांगतो, कारण पावसाळा दरवर्षी येतो. पहिली गोष्ट, पत्ते उन्हात ठेवले नाहीत. उन्हाकडची बाजू आधी वाळते आणि पत्ता उलट्या अंगाने वाकतो. इस्त्रीही नाही. वरचा प्लॅस्टिकचा थर वितळतो. आधी ओलावा काढायचा. एका घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिकाच्या पुड्या टाकल्या आणि पत्ते सुटे, उभे करून दोन दिवस त्यात ठेवले. मग ते दोन-दोन असे जोडीने घेतले, एकाची पाठ दुसऱ्याच्या पाठीला, म्हणजे दोघांचा बाक एकमेकांविरुद्ध यावा. जोड्यांच्या मध्ये टिपकागद, वरखाली सपाट फळ्या, आणि शिकंजा बेताने आवळला. पहिल्याच दिवशी जोरात आवळला तर बाकाच्या जागी सुरकुती पडते. रोज टिपकागद बदलायचा आणि पाऊण फेरा आवळायचा. वडिलांची ही पद्धत ओल्या जिल्दीसाठी होती, पत्त्यांनाही चालली.

भाची चौथ्या दिवशी निघून गेली, पत्ते राहिले. आठ दिवसांनी उघडले तेव्हा एकाहत्तर पत्ते सरळ झाले होते. पाचांना थोडा बाक होता, आणि हाताने वाकवलेल्या त्या दोघांची घडी काही गेली नाही. या कॅटाच्या दर्शनी बाजूचा थर पाठीपेक्षा जाड आहे. पुढच्या पावसात उघडा ठेवला तर तो पुन्हा वाकेल. कारखान्याने जी असमानता त्यात घातली आहे ती शिकंजा काढू शकत नाही, फक्त दाबून धरू शकतो. म्हणून गावच्या सुताराकडून मापाची सरकत्या झाकणाची पेटी करून घेतली आणि पत्ते सुती कापडात बांधून, त्यात घट्ट बसवून मुंबईला पाठवले.

पाठवण्याआधी अम्मीने ते पाहायला मागितले. चष्मा लावून तिने पेले, तलवारी, नाणी बघितली. हे आधी कुठले, असे तिने विचारले. मी मामलुकांची, नायबांची हकीकत सांगितली. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "खेळायचे होते ना, मग त्यावर नशीब कशाला बघतात?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

शिकंजा मी पुन्हा माळ्यावर ठेवला नाही. अम्मीच्या कुराणशरीफची जिल्द कण्याकडून सुटत आली आहे. पाऊस ओसरला की तिला हात घालायचा आहे. चिंचोके भिजवून ठेवीन. कागद दोन्ही अंगांना डकवीन.